चैतूभाऊंनी उशीर केला नव्हता

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी माझ्या सर्पदंशाचा अनुभव लिहावा, असं प्राणिशास्त्राच्या सरांनी सुचवलं. मांत्रिकाच्या नादी लागून मी मरता मरता कसा वाचलो, ते लिही, म्हणजे खेड्यातल्या मुलांना उपयोग होईल, असं ते म्हणाले. सरांचा हेतू चांगला होता. मी होस्टेलवर येऊन चार पानं लिहिलीसुद्धा. मग ती फाडली.

मी मांत्रिकाच्या नादी लागलो नव्हतो. मला उशीर झाला तो दुसऱ्या कारणाने. ते कारण मी सात महिने कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो. लिहिण्याची मला सवय नाही, आमच्या घरात पुस्तक वाचणारा मी पहिलाच. काही मागेपुढे झालं तर समजून घ्यावं.

बांधीत

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून दूर, जंगलाच्या कडेला आहे. दिवाळीच्या सुटीत मी घरी गेलो तेव्हा धान कापून झालं होतं. कापलेलं धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, आडवं पसरून वाळवतात, त्याला आमच्याकडे कडपा म्हणतात. कडपा वाळला की भारे बांधायचे. हे काम सकाळीच करावं लागतं, कारण दव असेपर्यंत लोंब्यांतून दाणे गळत नाहीत. आणि दव असेपर्यंत कडप्याखाली जनावरंही असतात. ऊब असते, उंदीर असतात. शेतात कुणी साप म्हणत नाही, जनावर म्हणतात.

म्हणून बायका आधी विळ्याच्या टोकाने कडपा पलटवतात, क्षणभर थांबतात, मग हात लावतात. माझ्या मायने मला लहानपणापासून तसंच शिकवलं. त्या सकाळीही ती म्हणाली, "मिलिंदा, आंधी विळ्यानं पलटव, मंग हात लाव."

"असू दे माय, काही होत नाही," मी म्हणालो आणि सरळ दोन्ही हात खाली घातले.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी गावच्या बुद्धविहारात भाषण केलं होतं. विषय होता अंधश्रद्धा. सापांबद्दलच मी जास्त बोललो, कारण तेवढंच मला नीट येत होतं. साप चावला की एक मिनिटही गमावू नका, मंत्र मारणाऱ्याकडे जाऊ नका, थेट दवाखाना गाठा. टाळ्या झाल्या. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. ते चौथी शिकलेले आहेत, पण जुनं वर्तमानपत्रही अथपासून इतिपर्यंत वाचतात. घरी येताना माझी सायकल त्यांनी हातात धरून आणली. माझ्यासाठी ते फार होतं.

चार-पाच कडपे उचलले असतील. पुढच्याखाली ते होतं. हातभर लांब, जाडसर, अंगावर तपकिरी ठिपके.

"परड हाये! मांगं सर गा!" बायका ओरडल्या. परड म्हणजे घोणस.

आमच्या कॉलेजात दोन बरण्या शेजारीशेजारी आहेत. एकीत घोणस आणि दुसरीत डुरक्या घोणस, जी दिसायला तशीच पण बिनविषारी. प्रॅक्टिकलला दोन्हींतला फरक विचारतात. मला तो तोंडपाठ होता. पण बरणीतले साप औषधात राहून पांढुरके झालेले असतात, त्यांच्यावर ठिपके कुठले! मी बरणीवरची चिठ्ठी बघून उत्तर द्यायचो. हे मला त्या वेळी आठवलं नाही. मला आठवलं ते एवढंच, की आजूबाजूला दहा-बारा बायका उभ्या आहेत आणि मी सायन्सचा विद्यार्थी आहे.

"परड नाही ही. डुरक्या आहे. काही करत नाही," मी म्हणालो आणि मानेमागे पकडून तिला उचललं.

ती आवाज करत होती. बिनविषारी जनावर एवढा आवाज करत नाही, हे शेजारच्या बांधीतल्या चैतूभाऊंनी तिथूनच ओळखलं. मला हातात धरूनही ओळखता आलं नाही. ती वळली, माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी दात लागले, मी तिला फेकलं. ती धुऱ्यातल्या, म्हणजे शेताच्या बांधातल्या, बिळात गेली.

"चावली का गा?" एका बाईने विचारलं.

"नाही. घासली नुसती."

मी हात पॅन्टच्या खिशात घातला.

चैतूभाऊ

चैतूभाऊ गोंड आहेत, साठीच्या पुढचे. गळ्यात मण्यांची माळ, मनगटाला काळा दोरा. त्यांना जनावराचं कळतं असं आसपासची गावं मानतात. माझ्या भाषणात मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, पण बोट त्यांच्याकडेच होतं हे सगळ्यांना समजलं होतं.

ते धुरा ओलांडून आले. "भात्यावानी फुसफुसत होती का?"

"मी नाही ऐकलं."

"हात दाखव."

"काही झालं नाही भाऊ. तुमच्या मंत्राची गरज नाही."

दोन-तीन बायका हसल्या. एक म्हणाली, "आता कालेजवाल्याचाच मंतर चालते, चैतूभाऊ!" तेही हसले. पण त्यांची नजर माझ्या खिशावर होती. "डोकं दुखतं," असं मायला सांगून मी घरी निघालो, तेव्हा साधारण सात वाजले होते.

चार तास

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातं.

घरी कुणी नव्हतं. मागच्या अंगणात तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाआड मी बसलो. हात जळत होता, जणू विस्तवात धरला आहे. तासाभरात सूज मनगटावर आली. दाताच्या खुणांतून रक्त येत होतं, पुसलं की परत येत होतं. मी रुमाल बांधला. तो भिजला, दुसरा बांधला. मग थुंकलो तर थुंकी लाल.

मी घरात जाऊन माझी प्राणिशास्त्राची वही काढली. डाव्या हाताने पानं उलटली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: घोणस, विषारी, दंशानंतर सूज, रक्त गोठत नाही, हिरड्यांतून रक्तस्राव. खाली सरांची लाल सही होती.

म्हणजे मला समजलं होतं. कुणी असं समजू नये की मला कळलं नाही म्हणून मी थांबलो. दोन घरं पलीकडे सायकल होती, माणसं होती. ओरडलो असतो तरी कुणी आलं असतं. पण मग काय चावलं, कसं चावलं, तू तर म्हणालास चावलीच नाही, हे सगळं आलं असतं. आणि विहारातलं भाषण आलं असतं. मला वाटलं, मी सूज उतरायची वाट बघतो. सूज कोपरापर्यंत चढली तरी मी वाटच बघत होतो. मरणाची भीती वाटत होती, पण त्या बायकांच्या हसण्याची जास्त वाटत होती. वीस वर्षांच्या, शिकणाऱ्या मुलाला असं वाटावं याची मला आजही लाज वाटते.

अकराच्या सुमारास चैतूभाऊ आपणहून आले. आवाज न देता मागच्या अंगणात आले आणि तणसाशी मला बघून खाली बसले. रुमाल सोडला.

मी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे काहीतरी पुटपुटतील. खरं सांगायचं तर मनातून मला ते हवंही होतं.

ते म्हणाले, "हे माह्या हातचं नाई. ऊठ."

"भाऊ, मायला सांगू नका."

"तूनच सांगतलं होतं ना विहारात, एक मिनिट गमावू नोको मनून? म्या भिताडामांगून आयकलं. आतमंदी बोलावलं नोहोतं, मनून बाहीर उभा होतो." मग थांबून म्हणाले, "चांगलं बोललास तू."

त्यांनी स्वतःची बैलबंडी जुंपली. हात हलू नये म्हणून पळसाच्या काठीला फडक्याने सैल बांधला. मायला निरोप पाठवला, परगावी गेलेल्या बाबांना गाठायला एकाला सायकलवर धाडलं. जंगलातल्या वाटेने डांबरी रस्ता गाठायला तास-दीड तास गेला. बैल त्यांनी मारले नाहीत, फक्त बोलत राहिले, गोंडीत. मला वाटलं मंत्रच चालू आहे. मी विचारलं तर म्हणाले, "बैलाले शिव्या देऊन राह्यलो. तुले देता येत नाई, बिमार हायेस."

रस्त्यावर बसची वेळ नव्हती. बांबूने भरलेला एक ट्रक आला. चैतूभाऊ रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. ट्रक थांबला. बैलबंडी रस्त्याकडेच्या एका घरी सोडून तेही माझ्यासोबत चढले.

खिडकीतली नळी

दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. डॉक्टरांनी माझं रक्त काचेच्या नळीत काढलं आणि खिडकीत उभं ठेवलं. वीस मिनिटं तसंच ठेवायचं, असं त्यांनी सिस्टरला सांगितलं. त्या वीस मिनिटांत मी दुसरीकडे बघू शकलो नाही. मग डॉक्टरांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठायला हवं होतं. माझ्या आजाराचं निदान ते एवढंच.

इंजेक्शनची तयारी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता चावला?"

"सकाळी सात."

"सात? आता दोन वाजलेत. इतका वेळ काय करत होतात?"

त्यांचं लक्ष चैतूभाऊंकडे गेलं. माळ, मनगटावरचा दोरा, अनवाणी पाय. "झाडफूक करत बसलात ना? तुमच्यासारख्यांमुळे दर वर्षी पोरं मरतात माझ्या हातात. पोलिसात द्यायला पाहिजे तुम्हाला!"

त्याच वेळी बाबा दारात आले. घामाने भिजलेले, सायकलवरून आलेले. त्यांनी एवढंच ऐकलं.

"चैतू, माह्या पोराले मारत होतास का तू?" बाबांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

 चैतूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी शुद्धीवर होतो. तोंडात रक्त होतं, पण बोलता येत होतं. 'नाही, मीच' एवढे दोन शब्द. चार तास माझे होते, तीन रस्त्याचे, एवढा हिशेब तर मला येत होता.

मी भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने वळलो तेव्हा ते गेले होते. नंतर समजलं की संध्याकाळपर्यंत ते बाहेर कडुलिंबाखाली बसले होते. रक्त गोठायला लागलं असं शिपायाकडून कळल्यावर मग गेले.

खाटेवर

पुढचे अठरा दिवस मी दवाखान्यात होतो. हात दुधीभोपळ्यासारखा झाला. कातडी काळी पडून फोड आले. दर थोड्या वेळाने रक्त घेत, नळी खिडकीत ठेवत. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. आता सगळं किडनीवर आहे, नाही चाललं तर नागपूरला न्यावं लागेल, असं ते बाबांना बाहेर नेऊन म्हणाले. दार उघडंच होतं. खाटेखाली एक बाटली असायची, तिच्यावर रेघा. सिस्टर सकाळ-संध्याकाळ ती उचलून उजेडात धरायच्या. सगळ्या वॉर्डाला माझ्या लघवीची खबर असायची. पहिल्यांदा लाज वाटली, मग वाटेनाशी झाली.

शेजारच्या खाटेवर रहीमचाचा होते, बांगड्यांचं दुकान असलेले, पाय मोडलेला. त्यांची मुलगी रोज पातळ खिचडी आणायची, अर्धी मला द्यायची. मी गप्प पडून असलो की चाचा म्हणायचे, "बेटा, गलती साप की नहीं है. उसको मालूम ही नहीं था तू कॉलेज में पढ़ता है!" दुखत असूनही मी हसायचो. सहाव्या दिवशी बाटली दुसऱ्या रेघेपर्यंत भरली तेव्हा चाचांनी कुबडी आपटून सिस्टरला हाक मारली, "अरे देखो, बच्चा पास हो गया!"

माय मात्र हसली नाही. ती रोज खाटेशी बसायची, माझा हात उशीवर ठेवायची, फोडांवरची माशी हाकायची. बांधीत मी 'घासली नुसती' म्हणालो ते तिने कानाने ऐकलं होतं. नवव्या की दहाव्या दिवशी बाबा चहा आणायला गेले तेव्हा तिने विचारलं, "चैतूभाऊनं काई केलं होतं का तुले?"

"नाही."

"मंग तुह्या बाबाले सांग."

"घरी गेल्यावर सांगतो."

"म्या सांगू का?"

"नको माय. मीच सांगीन."

ती त्यानंतर विचारायची थांबली. पण जेवायचीही थांबली, म्हणजे माझ्यासमोर जेवेनाशी झाली. डबा घेऊन बाहेर जायची. बाबांना वाटायचं दवाखान्याच्या वासाने तिला मळमळतं.

घरी

घरी आलो तेव्हा गोष्ट माझ्या आधी पोचली होती. बाबांनी विहारात ती सांगितली होती, चैतूभाऊंच्या नावासकट. बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. शाळेतली पोरं चैतूभाऊंच्या मागे "पोलीस आला, पोलीस आला" म्हणून ओरडत. चैतूभाऊंनी माळ काढून ठेवली होती. मी घरातून फारसा निघत नव्हतो. माझं बोट वाकत नव्हतं, मधल्या बोटात पेन धरून लिहायचा सराव करत होतो, हे कारण मला पुरत होतं. सुटी संपल्यावर मी कॉलेजला निघून आलो. होस्टेलवर एशियाडनंतर टीव्ही आलेला आहे, संध्याकाळी सगळे त्यासमोर असतात. मी शेवटच्या रांगेत बसायचो. दिसायचं काहीच नाही, पण कुणी काही विचारायचंही नाही.

उन्हाळ्यात पुन्हा घरी गेलो. एका दुपारी गोवऱ्यांच्या ढिगातून गोवऱ्या काढताना आमच्या शेजारच्या शांताबाईंना जनावर चावलं. मी धावत गेलो तेव्हा तीन-चार माणसं चैतूभाऊंच्या अंगणातून परत येत होती.

"येत नाई मनते," एकाने सांगितलं. "मनते, मले नोका बोलावू. बंडीबी देत नाई. मी हात लावला तं उद्या माह्यावर येईन मनते."

मग ते पलीकडच्या गावच्या दुसऱ्या माणसाला आणायला गेले. तो खरोखरच मंत्र म्हणणारा होता. त्याने शांताबाईंना दोन तास बसवून ठेवलं, अंगावर पाणी मारलं. मी "दवाखान्यात न्या" म्हणत होतो. कुणी ऐकलं नाही. दुसरी बंडी मिळत नव्हती आणि माझ्या शब्दाला आता भाषणाचा वास येत होता. ढीग उपसला तेव्हा आत धामण निघाली. बिनविषारी. शांताबाईंना काही झालं नाही, मंत्र म्हणणाऱ्याचं नाव मात्र मोठं झालं.

जनावराला ओळखून 'हे माझ्या हातचं नाही' म्हणणारा आणि बंडी जुंपणारा आमच्या गावात एकच माणूस होता. त्याला मी घरी बसवलं होतं. पुढच्या वेळी धामण नसेल, हे मला त्या अंगणात उभं राहून समजलं.

सांगणं

मी तसाच चैतूभाऊंकडे गेलो. ते दोरी वळत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वही सांगितली, तणस सांगितलं, भिंतीकडे तोंड केलं तेही सांगितलं. सांगताना रडलो. त्यांनी दोरी वळणं थांबवलं नाही.

"झालं?" ते म्हणाले.

"हो."

"मंग मले काऊन सांगून राह्यलास? मले तं ठाऊकच हाये. मी तिथीच होतो."



"ज्याले ठाऊक नाई त्याले सांग," ते म्हणाले आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. पीळ पडेपर्यंत मी ते धरून उभा राहिलो.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. माय चुलीशी होती, तिने वळून बघितलं नाही, पण भाकरी थापणं थांबलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या आणि चैतूभाऊंच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी विहारात, जिथे मी भाषण केलं होतं त्याच जागी उभं राहून मी सांगितलं. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. चैतूभाऊ आत बसले होते. बाबांनी त्यांना बोलावून आणलं होतं. आम्ही निघालो तेव्हा माय मला म्हणाली, "चाल, जेवू." आणि माझ्यासमोर बसून जेवली.

ज्यांच्यासाठी सरांनी मला लिहायला सांगितलं त्यांना एवढंच सांगतो. जनावर जंगलातच भेटतं असं नाही. ते कडप्याखाली, तणसाच्या ढिगात, गोवऱ्यांत, धुऱ्याच्या बिळाशी, म्हणजे आपण रोज हात घालतो तिथेच भेटतं. हात घालण्याआधी विळ्याने किंवा काठीने पलटवा आणि क्षणभर थांबा. ओळखता येतं असं वाटलं तरी उचलू नका. आणि चावलं तर सांगा. लगेच सांगा, ज्यांच्यासमोर सांगायची लाज वाटते त्यांच्यासमोर आधी सांगा.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला ओळखलं, बोट वाकवून बघितलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "मी चुकलो. आणि पुढे कुणाला चावलं तर थेट माझ्याकडे घेऊन या म्हणावं."

"साहेब," मी म्हणालो, "मागच्या वेळीही त्यांनी थेटच आणलं होतं."